‘मान्यता’ आणि ‘वकिलात’ : इस्रायलविषयक एका विरोधी मागणीचा इतिहास

भारताने १९९२ साली इस्रायलला मान्यता दिली, असे विधान मराठी लेखनात वारंवार आढळते. ते बरोबर नाही. मान्यता १७ सप्टेंबर १९५० रोजीच दिली गेली होती. २९ जानेवारी १९९२ रोजी जाहीर झाला तो पूर्ण राजनैतिक संबंधांचा, म्हणजे परस्परांच्या देशांत वकिलाती उघडण्याचा निर्णय होय. या दोन तारखांमध्ये ४१ वर्षांहून अधिक काळ लोटला, आणि या काळात भारतातील निरनिराळ्या विरोधी पक्षांनी दुसऱ्या गोष्टीची मागणी सातत्याने केली. तिचा इतिहास पाहताना एक प्रश्न टाळता येत नाही. ज्या पक्षांनी ही मागणी इतकी वर्षे लावून धरली, त्यांच्या हाती सत्ता आली तेव्हा ती पुरी का झाली नाही? प्रस्तुत टिपणाचा रोख या प्रश्नाकडे आहे. नागपूरच्या वाचकास तो अधिक जवळचा वाटावा अशी काही कारणे आहेत, ती ओघाने येतील.

प्रथम शब्दांविषयी थोडेसे. ‘मान्यता’ हा शब्द ‘मन्’ या धातूवरून आला. ‘मान’ आणि ‘सन्मान’ हे त्याचेच सोयरे. त्यामुळे एखाद्या राज्यास मान्यता देणे म्हणजे त्याचे वर्तन पसंत करणे, अशी छटा मराठीत नकळत येते. आंतरराष्ट्रीय विधीत तसे काही अभिप्रेत नसते. राज्य अस्तित्वात आहे एवढेच त्याने कबूल होते. उलट ‘वकिलात’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला, आणि त्यामागे मराठी राज्यकारभाराचा जिवंत व्यवहार आहे. मोल्सवर्थच्या कोशात ‘वकील’ म्हणजे दूत हा अर्थ नोंदलेला आहे. न्यायालयातील वकील आपण आज प्रथम आठवतो, इतकेच. नागपूरकर भोसल्यांचा वकील बेनीराम पंडित कलकत्त्यास वॉरन हेस्टिंग्जच्या दरबारी असे. पुढे १७९९ ते १८०१ या काळात कंपनीतर्फे नागपुरास राहिलेला वकील हा संस्कृतचा थोर अभ्यासक हेन्री टॉमस कोलब्रुक होता, हे भाषेच्या अभ्यासकास विशेष सांगण्याजोगे. ज्याच्याशी उद्या लढाई जुंपायची त्याच्याही दरबारी वकील ठेवण्याची ती रीत होती. वकील ठेवणे हे स्नेहाचे लक्षण मानले जात नसे. ती राज्याची गरज समजली जाई.

आता मूळ घटनाक्रमाकडे वळू. संयुक्त राष्ट्रसंघाने १९४७ साली पॅलेस्टाइनच्या प्रश्नावर ११ सदस्य-राष्ट्रांची समिती नेमली. तीत भारताने इराण व युगोस्लाव्हिया यांच्यासह फाळणीऐवजी संघराज्याची योजना पुढे केली. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी फाळणीचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी संमत झाला. भारताचे मत विरोधी होते. स्वतःची फाळणी नुकतीच भोगलेल्या देशाने दुसऱ्याच्या फाळणीस विरोध करावा, यात विसंगती नव्हती. ११ मे १९४९ रोजी इस्रायलच्या सदस्यत्वाचा प्रश्न आला, तेव्हाही भारताने विरुद्ध मत दिले.

या धोरणास पहिला जाहीर विरोध करणाऱ्यांत विनायक दामोदर सावरकर होते. १९ डिसेंबर १९४७ च्या निवेदनात त्यांनी ज्यू राज्याच्या कल्पनेचे स्वागत केले आणि भारतीय प्रतिनिधींच्या मताबद्दल खेद दर्शविला. या विचारप्रवाहाचा पूर्वेतिहास मात्र सरळ नाही. १९३९ साली नागपुरात प्रसिद्ध झालेल्या ‘वुई ऑर अवर नेशनहुड डिफाइन्ड’ या इंग्रजी पुस्तकात माधवराव गोळवलकरांनी वंश, धर्म, संस्कृती व भाषा टिकवून केवळ भूमीस मुकलेले राष्ट्र म्हणून ज्यूंचे उदाहरण दिले आहे. आणि त्याच पुस्तकात जर्मनीने ज्यूंना घालवून देण्यामागील वंशाभिमानाचाही गौरव आहे. ही दोन विधाने एकाच लेखणीतून उतरली आहेत. पुढील काळातील इस्रायलप्रेमाचे मूळ ज्यूंविषयीच्या आत्मीयतेत शोधणाऱ्यांनी ती दोन्ही एकत्र वाचली पाहिजेत.

१९५० मध्ये मान्यता दिल्यावर वकिलातीचा प्रश्न लवकरच सुटेल अशी अपेक्षा होती. इस्रायलच्या परराष्ट्र खात्याचे प्रमुख अधिकारी वॉल्टर एटन १९५२ साली दिल्लीस आले व नेहरूंना भेटले. पण वकिलात काही उघडली नाही. मुंबईत १९५३ साली इस्रायली कॉन्सलची कचेरी सुरू झाली, एवढ्यावरच ते थांबले. मौलाना आझाद यांच्या विरोधामुळे हे झाले असे काही अभ्यासक मानतात. परंतु काश्मीरच्या प्रश्नावर अरब राष्ट्रांची मते, सुएझ कालव्यातून चालणारा व्यापार आणि पुढे तेल, ही कारणे एकट्या व्यक्तीच्या मतापेक्षा बलवत्तर होती. १९५५ च्या बांडुंग परिषदेस इस्रायलला निमंत्रण नव्हते, आणि १९५६ मध्ये इस्रायलने ब्रिटन व फ्रान्स यांच्या जोडीने इजिप्तवर हल्ला केल्यावर नेहरूंचा प्रश्न त्यांच्यापुरता सुटलाच.

मुंबईच्या या कचेरीचा व्यवहार कोणाशी होता, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवावे. कोकणातील बेने इस्रायल हा समाज मराठी बोलणारा. तेल गाळण्याचा व्यवसाय करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. स्वातंत्र्यानंतर त्यांतील बहुसंख्य लोक इस्रायलमध्ये स्थायिक झाले व मराठी सोबत घेऊन गेले. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक तेथूनच निघू लागले. दिल्लीत राजदूत नसता या लोकांचे जाणे-येणे एका कॉन्सलवर अवलंबून राहिले, आणि त्याचे अधिकारक्षेत्र दीर्घ काळ महाराष्ट्रापुरते मर्यादित होते. संसदेतील वादांत या कुटुंबांना जेवढे स्थान मिळावयास हवे होते तेवढे मिळाले नाही, असे माझे मत आहे.

विरोधी पक्षांपैकी आरंभी सर्वांत जवळचा संबंध समाजवाद्यांचा. १९५३ च्या रंगून येथील आशियाई समाजवादी परिषदेत इस्रायलचा सत्तारूढ मजूर पक्ष मपाई सहभागी होता. दुसरी परिषद नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईस भरली. तिच्यासाठी माजी पंतप्रधान मोशे शारेट आले आणि नेमक्या त्याच वेळी सुएझचे युद्ध पेटले. पाहुण्यास याहून अवघड मुहूर्त सापडला नसता. १९५८ साली जयप्रकाश नारायण इस्रायलला गेले. तेथील सहकारी वसाहतींविषयी त्यांना वाटणारे कुतूहल पवनारच्या भूदान-विचाराशी जुळणारे होते, आणि विदर्भातील कार्यकर्त्यांना ते परके वाटण्याचे कारण नव्हते. पुढे प्रजासमाजवादी पक्ष, स्वतंत्र पक्ष आणि भारतीय जनसंघ हे तिन्ही पक्ष पूर्ण संबंधांची मागणी करू लागले, पण प्रत्येकाची वाट वेगळी होती. पहिल्यास समाजवादी बंधुत्व हवे होते, दुसऱ्यास पाश्चात्त्य राष्ट्रांशी व्यापार व सख्य, तिसऱ्यास अरब-स्नेहाच्या धोरणाचा पुनर्विचार.

जनसंघाच्या बाबतीत नागपूरचा संबंध निकटचा आहे. सरस्वती विहार ही संस्था १९४६ साली नागपुरास आणणारे व इंग्रजी-हिंदी पारिभाषिक कोशाचे कर्ते डॉ. रघुवीर चीनविषयक धोरणावरून काँग्रेस सोडून जनसंघात आले आणि १९६२ च्या अखेरीस त्याचे अध्यक्ष झाले. मे १९६३ मध्ये मोटार-अपघातात त्यांचा अंत झाला. १९६५ साली अध्यक्षपद बच्छराज व्यास या नागपूरकरांकडे आले. ज्या काळात हा पक्ष परराष्ट्रधोरणावर स्वतःची भाषा घडवीत होता, त्या काळात त्याचे नेतृत्व एकदा एका कोशकाराकडे असावे हे औचित्यपूर्ण म्हणावे लागेल.

१९६२ च्या चिनी आक्रमणानंतर या मागणीस धार आली. संकटात इस्रायलकडून काही शस्त्रसाहाय्य मिळाले. अरब मित्रांकडून अपेक्षित पाठिंबा मिळाला नाही. चीनशी युद्ध होऊनही संबंध समूळ तोडले नाहीत, पाकिस्तानात आपली वकिलात आहे, मग ज्याच्याशी आपले काहीच वैर नाही त्याच्या राजधानीतच ती का नसावी, हा युक्तिवाद मराठ्यांच्या जुन्या रीतीशी जुळणारा होता. जून १९६७ च्या युद्धात गाझा पट्टीतील शांतिसेनेतले काही भारतीय सैनिक इस्रायली माऱ्यात मरण पावले. त्यामुळे सरकारची बाजू नैतिकदृष्ट्या बळकट झाली, तरी विरोधकांनी मागणी सोडली नाही. त्याच वर्षीच्या निवडणुकीत स्वतंत्र पक्षाने ४४ आणि जनसंघाने ३५ जागा मिळविल्या होत्या. सप्टेंबर १९६९ मध्ये राबात येथील इस्लामी परिषदेतून भारतीय शिष्टमंडळास बाहेर राहावे लागले, तेव्हा तर अरब-स्नेहाचे फळ काय, हा प्रश्न विरोधकांच्या तोंडी आयताच आला.

डाव्या पक्षांनी पूर्व जर्मनीबाबत अशीच मागणी केली होती. तेथे व्यापार आधी आला (करार १९५४ चा) आणि पूर्ण संबंध ऑक्टोबर १९७२ मध्ये. इस्रायलशीही व्यापार वकिलातीची वाट पाहत बसला नाही. १९९२ साली उभयपक्षी व्यापार सुमारे २० कोटी डॉलरांचा होता, आणि त्यातील बहुतांश हिऱ्यांचा. हिऱ्याच्या व्यापाऱ्यास राजदूत लागत नाही, विश्वासू दलाल लागतो.

१९७७ मध्ये जनता पक्ष सत्तेवर आला. त्यात जनसंघ विलीन झाला होता, समाजवादी होते, आणि भारतीय लोकदलाच्या मार्गाने स्वतंत्र पक्षाचाही वारसा आला होता. मागणी करणारे तिन्ही प्रवाह एकाच मंत्रिमंडळाच्या छत्राखाली आले, आणि परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी झाले. तथापि त्याच वर्षी वाजपेयींनी जाहीर सभेत इस्रायलने अरबांची व्यापलेली भूमी सोडली पाहिजे असे बजावले. ऑगस्टमध्ये इस्रायलचे परराष्ट्रमंत्री मोशे दायान गुप्तपणे दिल्लीस येऊन मोरारजी देसाईंना भेटले. दायान यांच्याच वृत्तान्तानुसार, अरबांशी तंटा मिटेपर्यंत पूर्ण संबंध अशक्य आहेत असे त्यांना सांगण्यात आले.

हा केवळ भित्रेपणा होता असे म्हणणे सोपे आहे, पण मला ते पटत नाही. १९७३ नंतर तेलाचे दर चौपटीच्या घरात गेले होते, आखातात भारतीय कामगारांची वस्ती वाढत होती, आणि आपण जुन्या मित्रांना सोडणार नाही हे नव्या सरकारला सिद्ध करावयाचे होते. ज्या पक्षावर मुसलमान-विरोधाचा आरोप होत असे, त्याच्या माजी नेत्यास हे सिद्ध करणे इतरांहून अधिक निकडीचे होते. काँग्रेस सरकारवर तो आरोप नसल्याने त्याला पुढे जे जमले, ते वाजपेयींना १९७७ मध्ये जमले नसते.

पुढची पंधरा वर्षे ओझरती पाहिली तरी पुरे. १९८२ साली मुंबईतील इस्रायली कॉन्सलला वृत्तपत्रीय मुलाखतीवरून देश सोडावा लागला. १९८८ च्या नोव्हेंबरात भारताने पॅलेस्टाइन राज्यास मान्यता दिली. मग ऑक्टोबर १९९१ मध्ये माद्रिद परिषदेत अरब स्वतःच इस्रायलबरोबर बसले, डिसेंबरात सोव्हिएत संघ संपला, आणि त्याच महिन्यात झायोनिझमला वंशवाद ठरविणारा १९७५ चा ठराव रद्द करण्याच्या बाजूने भारताने मत दिले. २४ जानेवारी १९९२ रोजी चीननेही इस्रायलशी संबंध प्रस्थापित केले. पाच दिवसांनी भारताची घोषणा झाली. त्याच महिन्यात यासर अराफत दिल्लीस येऊन गेले होते.

तो निर्णय घेणारे पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव १९८४ व १९८९ अशा दोन निवडणुकांत रामटेकहून लोकसभेवर निवडून आले होते. त्यांचे विधिशिक्षण नागपूर विद्यापीठात झाले होते, आणि हरी नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली होती. म्हणजे ‘वकिलात’ या शब्दाचा मराठी संसार ज्यांना ठाऊक होता अशा एका काँग्रेस नेत्याच्या हातून ही मागणी पुरी झाली. ज्या पक्षांनी ती लावून धरली होती, त्यांतील प्रजासमाजवादी, स्वतंत्र व जनसंघ हे तिन्ही त्या दिवशी त्या नावांनी अस्तित्वात नव्हते.