६ ऑक्टोबर : वेंधळ्या ब्रॉडीची आठवण

'इंडियाना जोन्स' चित्रपटांतला मार्कस ब्रॉडी साकारणारे ब्रिटिश अभिनेते डेनहोम एलियट यांचे ६ ऑक्टोबर १९९२ रोजी स्पेनच्या इबिझा बेटावर निधन झाले. दुसऱ्या महायुद्धात त्यांचे विमान पाडले गेले आणि त्यांना जर्मनांच्या कैदेत राहावे लागले. पुढे सहायक अभिनेत्याचा बाफ्टा पुरस्कार त्यांनी लागोपाठ तीन वर्षे पटकावला.

१९८१ च्या पहिल्या चित्रपटातला ब्रॉडी तसा गंभीर, सूटबुटातला संग्रहालयवाला. चाहत्यांच्या मनात बसला तो मात्र १९८९ च्या 'लास्ट क्रुसेड'मधला. ब्रॉडीला डझनभर भाषा येतात, तो गर्दीत बेमालूम मिसळेल, अशी फुशारकी नायक मारतो. आणि पुढच्याच दृश्यात हा भला माणूस आजच्या तुर्कस्तानातल्या बाजारात भांबावून, इंग्रजी येणारे कुणी आहे का, असे विचारत हिंडतो! पहिल्या चित्रपटातल्या ब्रॉडीशी हे फारसे जुळत नाही, पण लोभ जडावा असा आहे तो हाच. २००८ च्या चौथ्या चित्रपटात महाविद्यालयाच्या आवारात त्याचा पुतळाच दाखवला आहे.

संग्रहालयवाल्याची खरी साहसकथा घडली ती कुवेतच्या जाब्रियात. तारेक आणि जेहान रजब या दांपत्याने १९८० मध्ये तिथे इस्लामी कलावस्तूंचे संग्रहालय सुरू केले. १९९० च्या इराकी आक्रमणात कुवेतचे राष्ट्रीय संग्रहालय लुटले गेले. रजब यांनी मात्र आपल्या तळघरातल्या संग्रहालयाचे दार विटांनी बुजवून टाकले. ठेवा वाचला. ब्रॉडीला हे जमले नसते.