उल्हास खोऱ्यातील महापूर आणि नौदलाचे मदतकार्य

युद्धासाठी अथवा विशिष्ट सागरी कार्यासाठी सिद्ध केलेली साधने आपत्तिकाळी लोकांच्या साहाय्यास लावण्याची प्रथा सर्वच आरमारी राष्ट्रांत आढळते. सन २०१७ च्या सप्टेंबरात 'इर्मा' चक्रीवादळाने कॅरिबियन बेटांचा विध्वंस केला, तेव्हा ब्रिटनने भूमध्य समुद्रातील 'ओशन' ही हेलिकॉप्टरवाहू युद्धनौका तिकडे वळविली. ध्रुवीय समुद्रात बर्फातून गस्त घालण्यासाठी बांधलेले जहाज उष्ण कटिबंधातील वादळग्रस्तांच्या उपयोगी पडू शकते, ही गोष्ट प्रथमदर्शनी विसंगत वाटते. परंतु अशा जहाजावर दीर्घकाळ पुरेल असा साठा, लहान होड्या आणि एकाकी परिस्थितीत काम करण्याची सवय असलेला खलाशीवर्ग असतो. मदतकार्यास नेमके हेच लागते. जहाजाचा मूळ हेतू तेथे गौण ठरतो.

भारतीय नौदलाच्या इतिहासात याचे ठळक उदाहरण २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर घडले. 'जमुना' आणि 'निरूपक' या वस्तुतः जलसर्वेक्षणासाठी, म्हणजे सागरतळाची खोली मोजून नकाशे तयार करण्यासाठी असलेल्या नौका. त्यांना रुग्णालय-जहाजांचे रूप देऊन अनुक्रमे श्रीलंका व इंडोनेशिया येथे पाठविण्यात आले. पुढे सन २०२४ च्या फेब्रुवारीत नौदलात दाखल झालेल्या नव्या 'संधायक' या सर्वेक्षण नौकेच्या रचनेतच रुग्णालय-जहाजाच्या दुय्यम कार्याची तरतूद होती. जे एकदा निकडीपोटी केले, ते कालांतराने नियोजनाचा भाग झाले, असा याचा अर्थ होतो.

तथापि ही सर्व उदाहरणे किनाऱ्याची आहेत. जेथे जहाज पोहोचूच शकत नाही अशा भूभागात नौदलाचा उपयोग कोणता, हा प्रश्न त्यांतून सुटत नाही. त्याच्या विचारासाठी ठाणे जिल्ह्यातील उल्हास नदीचे खोरे हे उत्तम क्षेत्र आहे.

उल्हास नदी खंडाळा-राजमाचीच्या डोंगराळ प्रदेशात उगम पावून कर्जत, नेरळ, बदलापूर या मार्गाने कल्याणकडे येते व पुढे वसईच्या खाडीवाटे समुद्रास मिळते. हिच्या मुखाकडील भागाचा आरमाराशी संबंध जुना आहे. सन १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी हस्तगत केल्यावर याच खाडीच्या आश्रयाने मराठ्यांच्या जहाजबांधणीस आरंभ झाला. परंतु बदलापूरजवळची उल्हास ही जहाजांची नदी नव्हे. सह्याद्रीच्या कड्यांवर पडणारा पाऊस अल्पावधीत खाली उतरतो, सपाट प्रदेशात येताच त्याचा वेग मंदावतो आणि पाणी शेतांत व वस्त्यांत पसरते. सन १८५६ मध्ये सुरू झालेला कल्याण-खोपोली लोहमार्ग याच सपाटीवरून गेलेला आहे.

लष्करी साधनांचा लोककार्यासाठी उपयोग या परिसरास नवा नाही. आजचे उल्हासनगर हे मूळचे दुसऱ्या महायुद्धकालीन 'कल्याण कँप'. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या, त्यांपैकी पुष्कळ कराचीहून आगबोटींनी मुंबईस उतरलेल्या, निर्वासितांना याच छावणीतील बराकींत आसरा देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली व नदीवरूनच त्यास नाव मिळाले. सैनिकांसाठी घातलेली छपरे सुमारे एक लक्ष विस्थापितांचे घर बनली. परंतु हे रूपांतर बराकींमुळे आपोआप घडले नाही. पाणी, शिधा, शाळा व रोजगार यांची मुलकी व्यवस्था तीमागे उभी करावी लागली. लष्कराने मागे ठेवलेली वस्तू आणि तिला उपयुक्त करणारी मुलकी यंत्रणा, हा भेद पुढील घटनेच्या विवेचनात महत्त्वाचा आहे.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मुंबईच्या हानीची चर्चा पुष्कळ झाली. परंतु त्याच पावसाने उल्हास व वालधुनी या नद्यांच्या काठची बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर आणि कल्याण ही नगरेही पाण्याखाली गेली. त्या वेळी आपत्तिनिवारणासाठी स्वतंत्र केंद्रीय दल अस्तित्वात नव्हते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आपत्ती व्यवस्थापन अधिनियम संमत झाला आणि सन २००६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची उभारणी झाली. या दलाची पाचवी पलटण पुण्याजवळ ठेवण्यात आली.

बरोबर चौदा वर्षांनंतर, २६ जुलै २०१९ च्या रात्री, मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी या स्थानकांच्या दरम्यान उल्हासच्या पुरात अडकली. बदलापूर हे मुंबईपासून लोहमार्गाने ६८ किलोमीटर अंतरावर आहे. गाडीत सुमारे १०५० प्रवासी होते. त्यांत ९ गरोदर स्त्रिया होत्या. रूळ पाण्याखाली, चहूबाजूंस पाणी आणि काळोख अशा स्थितीत रात्र गेली. गाडीतून खाली उतरू नये, अशी सूचना प्रवाशांना देण्यात आली. डबा हाच त्या वेळी सर्वांत सुरक्षित आसरा होता.

दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या होड्यांसह पोहोचल्या. नौदलाने ८ पूरबचाव पथके सिद्ध केली. त्यांत पाणबुड्यांची ३ पथके होती आणि त्यांच्यासमवेत हवा भरून फुगविण्याच्या रबरी होड्या व जीवरक्षक जाकिटे होती. नौदलाचे सी किंग आणि वायुदलाची एम-आय १७ जातीची हेलिकॉप्टरेही कार्यात आणली गेली. परंतु प्रवाशांना बाहेर काढण्याचे मुख्य काम होड्यांनी, फेऱ्यामागून फेऱ्या करून पार पाडले आणि २७ जुलैच्या दुपारपर्यंत गाडी रिकामी झाली. आसपासच्या ग्रामस्थांचे साहाय्य झाले. बदलापुरात अन्नपाण्याची, रुग्णवाहिकांची व स्त्रीरोगतज्ज्ञांसह ३७ डॉक्टरांची सोय करण्यात आली होती. घाटमार्ग बंद असल्याने कल्याणहून मनमाड-दौंडमार्गे कोल्हापूरकडे १९ डब्यांची विशेष गाडी सोडण्यात आली.

या घटनाक्रमातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, किनाऱ्यापासून दूरच्या पुरात नौदल जहाजाच्या रूपाने नव्हे, तर जहाजापासून वेगळ्या करता येणाऱ्या अंगांच्या रूपाने येते : पाणबुडा, रबरी होडी, हेलिकॉप्टर आणि शिस्त. 'जमुना' व 'निरूपक' यांच्या बाबतीत जहाज हेच रुग्णालय झाले. बदलापुरास रुग्णालय शहरानेच पुरविले.

दुसरी गोष्ट साधनाच्या योग्यतेची. सर्वांत सामर्थ्यवान साधन हेच सर्वांत उपयुक्त ठरते असे नाही. सहस्राहून अधिक माणसे एका ठिकाणी असता आणि होडीला वाट असता हेलिकॉप्टरने एकेकास उचलणे संथ व धोक्याचे ठरते. उलट, आठच दिवसांनी, ४ ऑगस्ट २०१९ रोजी, ठाणे जिल्ह्यातील जू-नांदखुरी या पाण्याने वेढलेल्या गावातील ५८ जणांची सुटका वायुदलाच्या हेलिकॉप्टरने केली. तेथे माणसे थोडी होती व तेच साधन योग्य होते.

तिसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. सन २००५ आणि २०१९ यांच्या दरम्यान मदतीची यंत्रणा निःसंशय सुधारली. परंतु नदी आणि वस्ती यांच्यातील संबंध सुधारला, असे म्हणता येत नाही. या काळात बदलापूर व अंबरनाथ यांचा विस्तार झपाट्याने झाला आणि पूर्वी पाणी पसरण्यास मोकळी असलेली भूमी बांधकामांखाली आली. जुलै २०२१ मध्ये उल्हासचे पाणी पुन्हा बदलापुरात शिरले. मदतकार्याचे यश कधीकधी या मूळ प्रश्नावर पांघरूण घालते. एक गाडी सुखरूप रिकामी झाली याचा आनंद रास्त आहे. परंतु पूररेषेच्या आत राहणाऱ्या कुटुंबास बाहेर काढण्यासाठी दरवर्षी पाणबुडे बोलावणे, हे धोरण होऊ शकत नाही.

उल्हासनगरच्या बराकी आणि बदलापूरच्या रबरी होड्या यांत सत्तर वर्षांचे अंतर आहे, तथापि निष्कर्ष एकच निघतो. सैन्यदल संकटात वेळ मिळवून देते. त्या वेळेचा उपयोग मुलकी शासनाने व नगरपालिकांनी करावयाचा असतो. १९४९ मध्ये तो केला गेला, म्हणून छावणीचे नगर झाले. उल्हासच्या पुराबाबत तो अद्याप पुरतेपणी झालेला नाही.