कुशावर्ताच्या पायऱ्या आणि डॉ. घुर्ये

सिंहस्थात शाही स्नानाच्या दिवशी त्र्यंबकेश्वरी गेलेल्या मनुष्याला एक गोष्ट सहज आढळते. कुशावर्ताच्या पायऱ्यांवर वैष्णव वैराग्यांचा निशाण-डंका दिसत नाही. गोदावरी एक, पर्व एक. पण दहा आखाड्यांचे साधू कुशावर्तावर स्नान करतात, आणि दिगंबर, निर्वाणी व निर्मोही हे वैराग्यांचे तीन अनी आखाडे अठ्ठावीस किलोमीटर खाली, नाशिकला रामकुंडावर. या दहांत सात शैव दशनामींचे. राहिलेल्या तिघांत दोन उदासीनांचे व एक निर्मळांचा. उदासीन आपली परंपरा गुरू नानकांचे पुत्र श्रीचंद यांच्यापाशी नेतात, तर निर्मळ गुरू गोविंदसिंगांपाशी. म्हणजे ज्यांचे मूळ शीख परंपरेत, ते शंकराच्या दारी स्नान करतात. आणि ज्यांचे शास्त्र, व्रत, भाषा संन्याशांच्या कितीतरी जवळ, ते वैरागी मात्र येथे नाहीत!

ही वाटणी आपोआप झालेली नाही. स्नानाला पुढे कोणी जावे या मानापमानावरून १७८९ च्या सिंहस्थात संन्यासी आणि वैरागी यांची लढाई जुंपली, आणि तीत बारा हजार माणसे पडली, असे पेशवाईतील एक ताम्रपट सांगतो. बारा हजार हा आकडा मला मोठा वाटतो. ताम्रपटांना मोठ्या आकड्यांची आवड असते. पण हे साधू सशस्त्र होते, लढण्यात तरबेज होते, आणि त्यांची समजूत घालणे राज्यकर्त्यांना अवघड जात होते, यात शंका नाही. अखेर तोडगा निघाला तो जागेचा. पंथ कोणता खरा याचा निकाल लागला नाही. कोणी कोठे उतरावे, एवढे ठरले.

आजच्या भाषेत बोलायचे तर हा राज्याची सुरक्षितता आणि धार्मिक विविधता यांचा प्रश्न होता. आणि ज्या एका मराठी पंडिताने आपले जवळजवळ सारे आयुष्य या प्रश्नाच्या आसपास घालवले, त्याच्याविषयी आज बोलायचे आहे. ते पंडित म्हणजे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये.

घुर्ये मालवणचे. जन्म १२ डिसेंबर १८९३. मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृत घेऊन ते पहिले आले. त्या वेळी मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राची नवी शाखा पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश गृहस्थांच्या हाती होती. त्यांनी या तरुणाला हेरले. १९२० साली घुर्ये इंग्लंडास गेले. लंडनला थोडे दिवस काढून ते केंब्रिजला रिव्हर्स यांच्याकडे गेले. १९२२ साली रिव्हर्स अकस्मात वारले, तेव्हा हॅडन यांच्या देखरेखीखाली प्रबंध पुरा झाला. १९२४ पासून १९५९ पर्यंत ते मुंबईच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख होते. इरावती कर्वे, श्रीनिवास, अ. र. देसाई, कापडिया ही त्यांच्या हाताखालून गेलेली माणसे. भारतीय समाजशास्त्राचा वंशवृक्ष काढायला बसले तर पुष्कळ फांद्या याच एका बुंध्याशी येतात.

१९५३ साली ल. ना. चापेकर यांच्या सहकार्याने त्यांनी ‘इंडियन साधूज’ हा ग्रंथ लिहिला. साधू म्हणजे एकतर पूज्य किंवा ढोंगी, याखेरीज तिसरा विचार सुशिक्षितांच्या डोक्यात नव्हता, त्या काळात एका विद्यापीठीय प्राध्यापकाने दशनामी, नाथपंथी, वैरागी यांच्या मठांची, आखाड्यांची, गुरुपरंपरेची शिस्तवार नोंद करावी, हेच विशेष. संन्याशाने घर सोडले तरी समाज सुटत नाही, हे त्या पानापानांतून दिसते. मठ म्हटला की जमीन आली, कारभारी आले, आखाडा म्हटला की शस्त्रे आली, आणि शस्त्रे आली की राजकारण आलेच.

त्या राजकारणाचा एक दाखला आपल्या अगदी जिव्हाळ्याचा आहे. पानिपतच्या रणावर १७६१ साली अनूपगिरी गोसाव्याचे नागा साधू लढले; पण ते होते शुजाउद्दौल्याच्या पदरी, म्हणजे अब्दालीच्या बाजूला. आणि मराठ्यांचा तोफखाना सांभाळला तो इब्राहिमखान गारद्याने. पकडला गेल्यावर तो मारला गेला. पंथ पाहून निष्ठा ओळखू जाणाऱ्याची या एका दिवशी पुरी फजिती झाली असती. हाच अनूपगिरी पुढे महादजी शिंद्यांच्याही राजकारणात वावरला, आणि १८०३ साली बुंदेलखंडात इंग्रजांना जाऊन मिळाला. बाजारात शस्त्र विकणारा शिपाई जसा वागतो तसा तो वागला. भगव्या वस्त्राचा संबंध फारसा आला नाही.

सरकारची नजर मात्र वस्त्रावरच असते. १८१८ च्या एप्रिलात त्र्यंबकचा किल्ला इंग्रजांनी घेतला, आणि पुढे थोड्याच दिवसांत काही हत्यारबंद लोक गोदावरीच्या उगमाला आलेल्या यात्रेकरूंच्या वेषात वर शिरले, अशी हकीकत नाशिकच्या गॅझेटियरमध्ये आहे. तो डाव फसला. पण यात्रेकरू म्हणजे कदाचित वेषांतर केलेला शत्रू, ही धास्ती कंपनीच्या अंमलदारांच्या मनातून का जात नव्हती, ते अशा प्रसंगांवरून कळते.

आता घुर्ये यांच्या उत्तरायुष्याकडे येतो, कारण माझा त्यांच्याशी मतभेद तेथे आहे. १९४३ साली आदिवासींवर लिहिताना त्यांनी व्हेरियर एल्विन यांच्याशी वाद घातला. एल्विन यांचा कल आदिवासींना बाहेरच्या लोंढ्यापासून जपण्याकडे, तर घुर्ये यांच्या मते ते मागासलेले हिंदूच, आणि त्यांनी मोठ्या समाजात मिसळून जाणे श्रेयस्कर. १९६८ च्या ‘सोशल टेन्शन्स इन इंडिया’ या जाडजूड ग्रंथात हिंदू-मुसलमान संबंध हा विषय प्रमुख झाला. १९८० साली, वयाची ऐंशी कधीच ओलांडलेली असताना, ईशान्य भारतावर ‘द बर्निंग कॉल्ड्रन’ म्हणजे धगधगत्या कढईचे नाव दिलेले पुस्तक त्यांनी लिहिले. (नागा साधूंपासून नागा टेकड्यांपर्यंत हा प्रवास केवळ नामसाम्याचा नव्हे, देश एकसंध कसा राहील ही काळजी दोन्ही ठिकाणी एकच.) २८ डिसेंबर १९८३ रोजी ते वारले.

त्यांच्या काळजीला मी हसणार नाही. ज्या पिढीने फाळणी पाहिली, तिला देश फुटण्याची भीती पुस्तकात वाचावी लागली नव्हती. पण त्यांचे उत्तर एकाच दिशेचे होते: भेद विरघळावा, लहानाने मोठ्यात मिसळावे. भेद कायम राहिला की तो आज ना उद्या फुटणार, असे ते धरून चालतात. आणि येथे त्यांच्याच विषयातला कुशावर्त मला त्यांच्याविरुद्ध साक्ष देताना दिसतो. संन्यासी आणि वैरागी एकमेकांत मिसळले नाहीत. कोणी कोणाचा टिळा पुसला नाही. भेद जसाच्या तसा राहिला, फक्त दोन घाट ठरले आणि ते पाळले गेले. २०१५ च्या सिंहस्थापर्यंत ती व्यवस्था चालली.

यावर कोणी म्हणेल, दोन घाट करणे म्हणजे लहानशी फाळणीच नव्हे काय? हा आक्षेप मला स्वतःला बोचतो. कुंडे दोन करता येतात, गाव दोन करता येत नाही. उत्तर माझ्या मते असे की वैराग्याला त्र्यंबकेश्वराच्या दर्शनाची बंदी झाली नाही, बाजारपेठ एकच राहिली. वाटणी झाली ती एका दिवसाच्या एका मानाची. घुर्ये यांनी मोठ्या राष्ट्राचा विचार करताना असल्या लहान, ओबडधोबड तडजोडींना पुरेसे वजन दिले नाही, एवढेच माझे म्हणणे.

आणि हा वाद इतिहासजमा झालेला नाही. २०२३ च्या मे महिन्यात याच गावात उरुसाच्या मिरवणुकीतील काही जण धूप दाखवण्यासाठी मंदिराच्या प्रवेशद्वारापाशी आले. पायरीपासून धूप दाखवण्याची आमची जुनी चाल आहे, असे एक पक्ष म्हणाला. दुसऱ्याने ते नाकारले. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले. गुन्हा घडला की नाही हे पोलिसांनी पाहावे, त्यांचे ते काम. पण चाल होती की नव्हती, असल्यास कधीपासून, कोणत्या पायरीपर्यंत आणि कोणाच्या संमतीने, ही चौकशी वेगळ्या माणसाची आहे. तिला क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या चाळाव्या लागतात, दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांजवळ सवडीने बसावे लागते, आणि ऐकले ते आवडो न आवडो, टिपून घ्यावे लागते. साधूंच्या आखाड्यांबाबत १९५३ साली घुर्ये आणि चापेकर यांनी हेच काम केले होते. त्र्यंबकच्या त्या पायरीबाबत ते अजून कोणी हाती घेतल्याचे माझ्या वाचनात नाही.