‘ख्रिस्ती’ : एक टोपणनाव

‘ख्रिस्ती’ हे नाव शिष्यांनी स्वतः घेतलेले दिसत नाही. ते एकमेकांस ‘बंधू’, ‘पवित्र जन’ म्हणत. यहूद्यांनीही ते दिले नसावे, कारण ‘ख्रिस्त’ म्हणजे मसीहा, आणि येशूस मसीहा म्हणणेच त्यांस अमान्य. उरतात अंत्युखियाचे विदेशी नागरिक (प्रे. कृ. ११:२६). मूळ शब्दाचा लॅटिन वळणाचा प्रत्यय ‘अमक्याच्या पक्षाचा’ असे सुचवितो; ‘हेरोदी’ त्याच साच्यातले. शहर मोठे थट्टेखोर, इ. स. ३६२-६३ मध्ये त्याने सम्राट ज्यूलियनच्या दाढीचीही टर उडविली.

नव्या करारात हा शब्द अवघा तीनदा येतो. त्यातही पेत्र तो दुःखसहनाच्या संदर्भात योजतो (१ पेत्र ४:१६). ‘बाटगा’ म्हणून हिणविला गेलेला आपला उपदेशक या वचनापाशी थबकतो, ते उगीच नव्हे. पुढे अंत्युखियाचाच बिशप इग्नेशियस याने मृत्युदंडासाठी रोमकडे नेला जात असता हेच नाव आपल्या पत्रांत आवर्जून मिरविले.