हायड्रोजन अणूतील गुप्त सममिती
हायड्रोजन अणूतील गुप्त सममिती ही पुंजयामिकीतील अशी सममिती आहे, जी अणूच्या आकारात दिसत नाही. ऊर्जा पातळ्यांच्या मांडणीवरून मात्र ती ओळखता येते.

अणुकेंद्राचे आकर्षण सर्व दिशांना सारखेच असते. अणू कसाही फिरवला तरी फरक पडत नाही, ही त्याची उघड सममिती होय. २पी कक्षकाच्या तीन अवस्थांची ऊर्जा समान का, हे तिच्यावरून कळते. परंतु हायड्रोजनमध्ये २एस या वेगळ्या आकाराच्या अवस्थेची ऊर्जाही, अतिसूक्ष्म फरक वगळता, तेवढीच म्हणजे उणे ३.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. पातळीगणिक अशा समान ऊर्जेच्या १, ४, ९ अवस्था आढळतात आणि फिरकी धरल्यास त्यांची संख्या दुप्पट होते. विद्यार्थी २, ८, १८ हे आकडे पाठ करतात. त्यामागील कारण सहसा सांगितले जात नाही.

हे कारण ग्रहगतीशी जोडलेले आहे. आकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असेल, तर एकट्या ग्रहाची लंबवर्तुळाकार कक्षा आपली दिशा बदलत नाही. सूर्याकडून कक्षेच्या सर्वांत जवळच्या बिंदूकडे जाणारा एक सदिश अचल राहतो. त्याला लाप्लास-रुंगे-लेन्झ सदिश म्हणतात. हे नाव काहीसे अन्यायकारकच आहे, कारण याकोब हेर्मान या स्विस गणितज्ञाने १७१० मध्येच या राशीचा मागोवा घेतला होता.

वोल्फगांग पाउली यांनी १९२६ मध्ये या सदिशाचे पुंजयामिकीय रूप वापरून, श्रोडिंगर समीकरणाचा आधार न घेता, हायड्रोजनच्या ऊर्जा पातळ्या काढल्या. कोनीय संवेगाचे तीन आणि या सदिशाचे तीन असे सहा घटक अक्षय्य राहतात. चार मितींच्या अवकाशात परस्परलंब अक्षांच्या जोड्यांनी ठरणारी, फिरण्याची प्रतलेही सहाच असतात. हे साम्य योगायोगाचे नाही. बद्ध इलेक्ट्रॉनची समस्या संवेगाच्या भाषेत मांडल्यास ती चार मितींतील गोलाच्या पृष्ठभागावरील मुक्त गतीसारखी होते, असे व्लादिमिर फॉक यांनी १९३५ मध्ये दाखविले.

इतर अणूंत आतील इलेक्ट्रॉन केंद्राचा प्रभार अंशतः झाकतात. त्यामुळे बाहेरील इलेक्ट्रॉनवरील बल व्यस्त वर्गाचा नियम पाळत नाही आणि ही सममिती भंगते. उघड सममिती मात्र टिकते. एस इलेक्ट्रॉन केंद्राच्या अधिक जवळ पोहोचत असल्याने त्याची ऊर्जा पी इलेक्ट्रॉनपेक्षा खाली जाते. सोडियमच्या दिव्याचा पिवळा प्रकाश (सुमारे ५८९ नॅनोमीटर) ३पी व ३एस यांच्यातील याच फरकातून निर्माण होतो. पोटॅशियमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन ३डी सोडून ४एस मध्ये जातो तोही याचमुळे, आणि म्हणूनच आवर्त सारणीत पोटॅशियमचे स्थान सोडियमच्या खाली येते.