साखरेवाचून चहा

माणसाने काय खावे, हे भूक ठरवीत नाही. काहीतरी खा, एवढीच तिची आज्ञा. अमुक खा आणि तमुक टाका, हे सांगणारे धनी निराळे : चव, किंमत, प्रतिष्ठा, धर्म आणि सदसद्विवेक. या सर्वांचा एकाच जिनसेवरून कसा झगडा होतो, याचे उत्तम उदाहरण अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात घडले. ती जिन्नस म्हणजे साखर.

साखर मूळची आपली. 'शर्करा' हा शब्दच फारशी-अरबीच्या वाटेने युरोपात गेला. तेथे ती प्रथम श्रीमंतांची चैन होती. १७८४ साली इंग्लंडात चहावरील कर ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आला. चहा सामान्यांच्या घरात शिरला आणि त्याच्यासवे साखरही शिरली. ती येई जमैका-बार्बाडोसच्या मळ्यांतून. तेथे ऊस लावण्यापासून रस आटवण्यापर्यंतचे सारे काम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांकडून करवीत.

एप्रिल १७९१ मध्ये गुलामांचा व्यापार बंद करण्याचा विल्बरफोर्स यांचा प्रस्ताव पार्लमेंटने १६३ विरुद्ध ८८ मतांनी फेटाळला. त्याच वर्षी विल्यम फॉक्स या गृहस्थाने एक छोटी पुस्तिका काढली. तिचा युक्तिवाद सरळ होता : गिऱ्हाईक नसेल तर चोरीचा माल कोण आणील? आठवड्याला पाच पौंड साखर खाणाऱ्या कुटुंबाने एकवीस महिने ती वर्ज्य केली, तर एक माणूस वाचेल, असा हिशेबही त्याने मांडला. सुमारे तीन लाख लोकांनी साखर सोडली, असा क्लार्कसन यांचा अंदाज होता. स्त्रियांना मताचा अधिकार नव्हता. परंतु चहाच्या मेजावर सत्ता त्यांचीच होती, आणि ती त्यांनी वापरली.

मात्र श्रोतेहो, या सर्वांची प्रेरणा एकच होती असे मानू नये. कोणी ईश्वराला स्मरून साखर सोडली. कोणाला तीत रक्त मिसळले आहे या कल्पनेनेच शिसारी आली. ऑगस्ट १७९१ मध्ये सॅन डोमिंगोच्या गुलामांनी बंड केले, साखर महागली, आणि काटकसर व पुण्य एकाच वाटेने चालू लागले. गिलरे या चित्रकाराने १७९२ मध्ये नेमके हेच टिपले. त्याच्या व्यंगचित्रात राणी आपल्या मुलींना बिनसाखरेचा चहा पाजते, आणि गुलामांच्या दुःखाबरोबर वाचणाऱ्या खर्चाचीही आठवण देते!

व्यापारीही मागे राहिले नाहीत. पुढे 'ही हिंदुस्थानची साखर, गुलामांनी केलेली नव्हे' अशी अक्षरे असलेली साखरदाणी घरोघर मिरवू लागली. वस्तुतः कंपनीच्या मुलखात गुलामीचा कायदेशीर आधार काढून घेतला गेला तो १८४३ साली.

१८०७ मध्ये गुलामांचा व्यापार बंद झाला. १८२४ मध्ये लेस्टरच्या एलिझाबेथ हेरिक यांनी बहिष्काराची हाक पुन्हा दिली, आणि १८३३ मध्ये गुलामीविरुद्ध कायदा झाला. मळेवाल्यांना दोन कोटी पौंड भरपाई मिळाली; गुलामांना काहीच नाही. पुढे १८४६ च्या कायद्याने परदेशी साखरेवरील जादा जकात टप्प्याटप्प्याने उठली, तेव्हा क्यूबा-ब्राझीलच्या गुलामांनी केलेली स्वस्त साखर इंग्लंडने खुशाल विकत घेतली. तेथील गुलामी संपली ती अनुक्रमे १८८६ आणि १८८८ साली.

आपल्याकडे १९०५ नंतरच्या स्वदेशी चळवळीतही परदेशी साखर वर्ज्य ठरली. एकाने ती देशासाठी सोडली. दुसऱ्याने, ती शुद्ध करताना हाडांचा कोळसा वापरतात म्हणून धर्मासाठी.

हेतूंच्या या सरमिसळीने चळवळीला हीनपणा येत नाही. तिला संख्या मिळते ती त्यामुळेच. परंतु किंमत उतरली की काटकसर पक्ष बदलते, आणि नवी वस्तू आली की प्रतिष्ठाही. मग मूठभर लोकांचा विवेक एकटा उरतो. म्हणून संख्या हाताशी आहे तोवरच तिच्या बळावर कायदा करून घ्यावा, हा या बिनसाखरेच्या चहाचा धडा आहे.