खळ्यातला कुत्रा आणि घरातली पोरं

गटाच्या बैठकीत हल्ली प्रश्न येतो : घरात लहान मूल आहे, कुत्रा कुठल्या जातीचा घ्यावा?

कुत्र्याची सोबत आपल्याला नवी नाही. १९७४ साली नगर जिल्ह्यात दायमाबादला एक प्राचीन काशाचा रथ सापडला. दोन बैल, हाकणारा माणूस आणि दांडीवर उभा कुत्रा! घाटावर शिकारीसाठी मुधोळ, कारवान कुत्रे पाळले गेले. आपल्याकडे गावठीच. शेजारणीच्या कुत्रीला पिल्लं झाली की एक आणायचं. पेज खाऊन तो खळ्यात राखण करी, पोरं त्याच्यासोबत वाढत.

भीती होती ती पिसाळण्याची. १८८५ साली पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला लस देऊन वाचवलं. आपल्या देशात १९११ साली कसौलीला डेव्हिड सेंपल यांनी प्राण्यांच्या मेंदूपासून लस तयार केली. तीच ती पोटातली चौदा इंजेक्शनं. २००४ साली ती लस बनवणं आपल्याकडे बंद झालं. आता दंडावर मोजकीच इंजेक्शनं घ्यावी लागतात. पण चौदाची धास्ती घराघरात उरली आहे, आणि त्या धास्तीने पोरं चावा लपवतात. जीव जातो तो अशाने, कारण रोगाची लक्षणं दिसल्यावर उपाय जवळजवळ उरत नाही.

किरणपाण्याला तेरेखोल ओलांडली की गोवा. तिथे २०१४ पासून सरकार आणि 'मिशन रेबीज' यांनी गावोगाव कुत्र्यांना लस दिली, शाळांतून मुलांना शिकवलं. २०२१ साली गोवा रेबीज नियंत्रित जाहीर झाला. त्याआधीची तीन वर्षं तिथे रेबीजने एकही माणूस दगावला नव्हता. कुत्रे तेच, गावठीच. बदल घडवला लशीने.

म्हणून जात नंतर बघा. आपल्या हवेत टिकणारं गावठी पिल्लू उत्तम. दोन महिने आईजवळ राहिलेलं, माणसाला न बुजणारं निवडा. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, मग दरवर्षी. तान्ह्या बाळाजवळ कुत्रा एकटा सोडू नका. तो जेवताना, झोपलेला असताना त्याला छेडू नये, हे पोरांना शिकवा.

चावलं, ओरखडलं, तर हळद, चुना, तिखट काही लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.

आणि पोरांना आजच सांगा : कुत्रा चावला तर घरी कुणी ओरडणार नाही, फक्त लगेच सांग.